तेल पाजणारं जहाज चाळीस-पन्नास वर्षं टिकतं कसं?

मार्च उजाडला की आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायला लागतो. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, मग चार घरं मिळून टँकर सांगतात. एकदा असाच टँकर दारात उभा होता आणि मामा घरी आले होते. मामा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. ऐन तरुणपणी नौदलात स्टोकर, म्हणजे इंजिन-बॉयलरवरचा खलाशी, म्हणून भरती झाले आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी तेलवाहू जहाजावर काढली. टँकरवाला पाइप जोडत होता तेवढ्यात मामा पुढं झाले आणि बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक करू लागले. आधी वर, मग मधे, मग पार बुडाशी. वर घट्ट आवाज येत होता, खाली तो भरडा झाला.

"वरनं चांगला हाय," मामा म्हणाले, "पण खालनं खाल्लंय. अजून दोन पावसाळे बघ, वेल्डिंग सुटतंय ह्याचं."

"मामा, तुमची जहाजं किती वर्षं टिकायची?"

"लढाईची पंचवीस-तीस वर्षं. टँकर मात्र लवकर मरत नाही. नीट सांभाळला तर चाळीस वर्षं कुठं गेली नाहीत."

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं दट्ट्या सरकवणाऱ्या नळकांड्यांच्या, कामात आहे. लोखंड किती वर्षं टिकतं आणि कशानं मरतं हा आमच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात, दिवसरात्र हलत राहणारं लोखंड चाळीस वर्षं टिकतं हे ऐकून मी त्या विषयाच्या मागेच लागलो. मामांकडून जे कळलं आणि पुढं वाचून जे समजलं, ते इथं मांडतो.

आधी हे जहाज करतं काय ते पाहू. युद्धनौका तेल फार पिते. वेगानं पळाली की आणखी पिते. काही दिवसांत तिची टाकी अर्ध्यावर येते. तेल घ्यायला दरवेळी बंदरात परतायचं म्हटलं तर ती किनाऱ्याला बांधलेल्या जनावरासारखी होते, दाव्याच्या लांबीइतकंच चरायचं. हे दावं सोडवतो तो टँकर. तो ताफ्याबरोबर समुद्रात राहतो आणि चालता चालता तेल देतो. सोबत पाणी, धान्य, दारूगोळा, सुटे भागही देतो.

कारवारला गेलेल्यांनी किनाऱ्यावर ठेवलेली 'आयएनएस चपळ' ही क्षेपणास्त्र नौका पाहिली असेल. आपल्याकडून खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला की कारवार. शाळेच्या सहली तिथं हमखास जातात. ती नौका ४० मीटरही लांब नाही. तिच्याच घराण्यातल्या, तिच्याआधी आलेल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौकांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याच दिवशी असतो. मूळ रचनेत या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी होत्या, त्यांचा पल्ला तोकडा. म्हणून त्या मोहिमेत 'किलतान' आणि 'कच्छल' या नौकांच्या जोडीला 'पोषक' नावाचा एक तेलवाहूही होता. कराचीची गोष्ट सांगताना क्षेपणास्त्रांची नावं सगळ्यांना आठवतात. 'पोषक' हे नाव मी तरी मामांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकलं, आणि ते प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चालत्या जहाजातून चालत्या जहाजात तेल देणं याला नौदलात 'रास' म्हणतात, रिप्लेनिशमेंट ॲट सी या शब्दांची आद्याक्षरं. आपल्याकडं खळ्यावर धान्याची रास करतात, त्यामुळं मामांच्या तोंडी हा शब्द मला परका कधी वाटलाच नाही. पहिल्या महायुद्धात, मे १९१७ मध्ये, अमेरिकेच्या 'मॉमी' या टँकरनं अटलांटिकमध्ये विनाशिकांना असं चालता चालता तेल दिलं. त्या जहाजाची इंजिनं सांभाळणारा अधिकारी होता चेस्टर निमिट्झ, जो पुढं दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख झाला.

काम कसं चालतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. दोन जहाजं शेजारी शेजारी, मधे फक्त ३० ते ५० मीटर अंतर. दोघांचा वेग सारखा, साधारण १२ ते १५ नॉट, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. आधी एका जहाजावरून बंदुकीनं पातळ दोरी दुसऱ्यावर उडवायची. त्या दोरीला जाड दोरी, जाड दोरीला पोलादी तार. तार ताणली की तिच्यावरून कप्प्यांना लटकत जाड रबरी नळी सरकत पलीकडं जाते, तिचं टोक समोरच्या तोंडात खाटकन बसतं आणि पंप सुरू होतो. दोन जहाजांमधे आणखी एक दोरी धरलेली असते, तिला दर २० फुटांवर रंगीत झेंडी. सुकाणूजवळचा अधिकारी ती झेंडी पाहून अंतर राखतो.

आता धोका कुठं आहे? महामार्गावर तुमच्या दुचाकीच्या अगदी जवळून मोठा कंटेनर वेगानं गेला की गाडी त्याच्याकडं ओढल्यासारखी होते, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं. दोन जहाजांमधल्या अरुंद पट्ट्यात पाणी असंच वेगानं वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडं खेचली जातात. सुकाणू एका अंशानं जरी चुकलं तरी निस्तरायला फार वेळ मिळत नाही. शिवाय दोन्ही जहाजं लाटांवर वेगवेगळी डोलत असतात. तार कधी ढिली पडणार, कधी कडक ताणली जाणार. ढिली पडली तर नळी समुद्रात, ताणली गेली तर तार तुटून डेकवरच्या माणसाला कापून जाणार.

यावरचा उपाय कळला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तो आमच्याच धंद्यातला निघाला. तार एका मोठ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या कप्प्यांवरून फिरवलेली असते. सिलिंडरच्या मागं दाबलेल्या हवेच्या बाटल्या. जहाजं लांब गेली की तार दट्ट्याला आत ढकलते आणि तेवढी तार मोकळी होते. जवळ आली की हवा दट्ट्याला बाहेर लोटते आणि ढिलाई ओढून घेते. ताण कायम एकसारखा. मी मामांना विचारलं, या सिलिंडरचं काय बिघडायचं? म्हणाले, "सील. दुसरं काय बिघडणार? खारं पाणी रॉडवर सुकतं, मिठाचा कण सीलमधे जातो, आणि रॉडवर ओरखडा उठतो." रॉड म्हणजे दट्ट्याचा दांडा, सील म्हणजे गळती थांबवायला त्याच्याभोवती बसवलेलं कडं. आमच्याकडं सिमेंटच्या धुळीत चालणाऱ्या मशिनचा रॉड अगदी तसाच जातो. तो क्रोमचा रॉड उन्हात धरून नखानं ओरखडा चाचपायची सवय मलाही आहे.

सध्याच्या 'आयएनएस दीपक'वरून तासाला १,५०० टन तेल देता येतं. भागाकार केला तर मिनिटाला २५ टन, म्हणजे साधारण ३० हजार लिटर डिझेल. रस्त्यावरचा मोठा टँकर एका मिनिटात रिकामा करून पुढच्याला हात घालायचा, असा तो वेग. हे सगळं दोन्ही जहाजं पळत असताना.

मग अशी जहाजं इतकी का टिकतात? पहिलं कारण सोपं आहे, पण आपल्या लक्षात येत नाही. युद्धनौका म्हातारी होते ती शत्रूमुळं. समोरच्याकडं नवं क्षेपणास्त्र आलं, नवं रडार आलं, की हिचं जुनं होतं. तिच्या पोटात हजारो वायरी, यंत्रं, पडदे, आणि ते सगळं पंधरा वर्षांत कालबाह्य. सांगाडा धडधाकट असूनही ती मागं पडते. टँकरच्या कामाचं तसं नाही. टाकी, पंप, नळी, इंजिन. तेल १९५० साली ओतत होते तसंच आजही ओततात. त्यात टँकर पळतोही बेतानं, इंजिनं एका लयीत चालतात. रोज घाट चढउतार करणारा ट्रक आणि सपाटीवर चालणारा ट्रक यात आधी कुठला गॅरेजला येतो हे आपल्याला माहीत आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: नौदलाकडं पैसा आला की तो आधी लढाऊ नौकांना जातो. टँकरला 'अजून चालतोय ना, चालू दे' असं म्हटलं जातं. जगभर हेच घडलं आहे. टँकरच्या दीर्घायुष्यात त्याच्या तब्येतीइतकाच या दुर्लक्षाचाही वाटा आहे, आणि ते मला खटकतं.

पण 'चालू दे' म्हटल्यानं लोखंड चालत नसतं. ते कशानं मरतं?

गंजानं. खानापूरकडच्या पावसात ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांना हे सांगायला नको. साधा पोलादी पत्रा समुद्राच्या पाण्यात उघडा ठेवला तर ढोबळमानानं वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजतो. लाटा उडतात त्या पट्ट्यात, जिथं ओलं-कोरडं सतत चालू असतं, तिथं याच्या कितीतरी पट. आता हिशेब करा. जहाजाचा पत्रा समजा १२ मिलिमीटरचा. साधारण २० टक्के झीज झाली की तो बदलायची वेळ आली असं धरतात, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर. एका बाजूनं गंजला तर पंचवीसेक वर्षं, आणि बाहेरून समुद्र व आतून टाकीतलं खारं पाणी असं दोन्ही बाजूंनी गंजला तर बारा-तेरा वर्षांत खेळ खलास. टाकीत खारं पाणी कुठून आलं? तेल देऊन टाकलं की जहाज हलकं होऊन वर येतं, लाटांवर फार डोलतं. म्हणून ते खाली बसवायला पोटात समुद्राचं पाणी भरून घ्यावं लागतं. जुन्या जहाजांत हे पाणी तेलाच्याच टाक्यांत भरत. आज तेल, उद्या खारं पाणी, परवा नुसती दमट हवा. लोखंडाला याहून वाईट काही नाही.

यावर तीन उपाय, आणि तिन्ही कष्टाचे. एक रंग. मामा सांगतात, नव्या पोराच्या हातात पहिली वस्तू यायची ती चिपिंग हॅमर. सकाळपासून खपल्या काढायच्या, तारेच्या ब्रशनं घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा फुगलेलं असायचं. अख्खी नोकरी त्या ठकठकीत गेली म्हणतात. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांना अजून सरळ येत नाही.

दुसरा उपाय जस्ताचा. जहाजाच्या बुडाला पाण्याखाली जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतात. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. जस्त झिजतं, पोलाद वाचतं. घरावरच्या जीआय पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो तोही याच कारणानं. ठोकळे संपत आले की नवे लावायचे.

तिसरा उपाय सुकी गोदी. ठरावीक वर्षांनी जहाज गोदीत घ्यायचं, दार लावून पाणी उपसून काढायचं, आणि जहाज ठोकळ्यांवर बसलं की बुडापासून तपासायचं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, तेव्हा हे असं समजा: गळीत हंगाम संपला की कारखान्याचं ओव्हरहॉलिंग असतं. मिलचे रोलर उतरवतात, बेअरिंग उघडतात, झिजलेलं भरून घेतात. पंचवीस-तीस वर्षांची मिल दर हंगामाला उभी राहते ती त्या चार-पाच महिन्यांच्या जोरावर. जहाजाची गोदी म्हणजे हेच.

गोदीत पत्र्याची जाडी मोजायची रीत मला फार आवडली. मामांनी पेरानं वाजवलं तेच, फक्त यंत्रानं. हातात मावेल एवढं उपकरण असतं. रंग खरवडून, जेलचा थेंब लावून त्याचं टोक पत्र्यावर टेकवायचं. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर पळतो. १२ मिलिमीटरच्या पत्र्यात जाऊन यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी फक्त चार भाग लागतात. तेवढा वेळ मोजून यंत्र जाडी दाखवतं: ११.८, ११.६, ९.२. खडूनं पत्र्यावरच आकडा लिहायचा. ९.२ दिसला की त्या भागाभोवती चौकोन आखायचा, तो कापायचा, नवा पत्रा बसवायचा. जहाजाचं खरं वय कागदावर नसतं, त्या खडूच्या आकड्यांत असतं. पन्नास वर्षांच्या जहाजात मूळचं लोखंड किती उरलं आहे, असं विचारलं तर उत्तर प्रत्येक टाकीचं वेगळं येईल.

रिकाम्या टाकीत उतरणं हे यातलं सगळ्यात जोखमीचं काम. तेलाची वाफ असते हे कुणालाही कळतं. पण नुसती कोरडी, बंद, गंजलेली टाकीही माणूस मारते, कारण गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो बंद टाकीत हळूहळू कमी होत जातो, आणि त्याला ना वास ना रंग. आत गेलेला माणूस गुडघ्यावर बसतो आणि उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथंच. आपल्याकडं जुन्या विहिरीत किंवा सेप्टिक टाकीत असं झालेलं ऐकतो, तसंच. म्हणून आधी पंख्यानं हवा खेळवायची, मग मीटरनं मोजायचं, मगच पाय आत. हे वाचणाऱ्यात कुणी टाकीचं काम करत असेल तर त्यानं एवढी गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

गंजाशिवाय दुसरा शत्रू म्हणजे वाकणं. लाटेचा उंचवटा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं खाली लोंबतात. दोन लाटांवर दोन टोकं टेकली की मधला भाग खाली झुकतो. तार हातात घेऊन उलटसुलट वाकवत राहिलं की ती तुटते, ताकद न लावता. जहाजाचं तेच. सहा-सात सेकंदाला एक लाट धरली तर वीस वर्षांत सुमारे १० कोटी वेळा ते वाकतं. तडा जातो तो पत्र्याच्या मधोमध सहसा नाही, तर जिथं वेल्डिंगचा कोपरा येतो किंवा भोक पाडलेलं असतं तिथं. म्हणून जहाजावर कोपरे गोल करतात. जुन्या जहाजाचं आयुष्य वाढवायचं म्हणजे असे कोपरे शोधत फिरणं.

आता या दीर्घायुष्याची दोन उदाहरणं सांगतो, कारण ती खरोखर विलक्षण आहेत.

पहिलं, अमेरिकेचं 'कलूसाहॅची'. अमेरिकेचं नौदल तेलवाहू जहाजांना नद्यांची नावं देत असे, ही फ्लोरिडातली एक नदी. आपल्याकडं 'मलप्रभा', 'घटप्रभा', 'मार्कंडेय' अशी जहाजं असती तर कसं वाटलं असतं, असं मनात येऊन गेलं. हे जहाज नौदलात दाखल झालं ऑक्टोबर १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. निवृत्त झालं फेब्रुवारी १९९० मध्ये. ४४ वर्षांहून जास्त. या काळात काय बदललं बघा: युद्धनौका मोठ्या झाल्या, विमानवाहू नौकांवर जेट विमानं आली, त्यांना वेगळं इंधन भरपूर लागू लागलं. जुना टँकर अपुरा पडू लागला. मग १९६० च्या दशकात त्यांनी काय केलं? जहाज मधे कापलं. पुढचा भाग आणि इंजिनं असलेला मागचा भाग बाजूला केले, मधला नवा, मोठा भाग बांधून बसवला आणि पुन्हा जोडलं. जहाज सुमारे ९० फुटांनी लांब झालं. आपल्याकडं जुन्या घराचा सोपा आणि मागचं परडं तसंच ठेवून मधलं माजघर नव्यानं बांधतात, अगदी तसं. सगळ्यात जास्त सडतो तो मधला टाक्यांचा भाग, आणि सगळ्यात महाग असतो तो मागचा इंजिनांचा. सडलेलं बदललं, महागाचं राखलं. कारागिराच्या नजरेनं बघितलं तर याहून सुंदर दुरुस्ती मला माहीत नाही. याचंच भावंड 'कॅनिस्टिओ', तेही १९४५ चं, तेही असंच लांब केलं गेलं आणि १९८९ पर्यंत चाललं.

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या 'रोव्हर' जहाजांचं. पाच छोटे टँकर, पहिले तीन १९६९-७० मध्ये आणि उरलेले दोन १९७४ मध्ये सेवेत आले. पहिल्या तिघांची इंजिनं नीट चालेनात, तर ती चार-पाच वर्षांतच काढून दुसरी बसवली. 'गोल्ड रोव्हर' १९७४ पासून २०१७ पर्यंत चाललं, ४३ वर्षं. 'ग्रीन रोव्हर' १९९२ मध्ये इंडोनेशियानं घेतलं. 'ब्लू रोव्हर' १९९३ मध्ये पोर्तुगालनं घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बेरिओ'. हे नाव वाचून मी थबकलो. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला तेव्हा त्याच्या ताफ्यातल्या एका छोट्या जहाजाचं नाव बेरिओ होतं, आणि १४९९ मध्ये लिस्बनला आधी परतलं तेही बेरिओच. गोव्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हा बेळगावकरांना पोर्तुगीज इतिहास शेजारघरचाच. ब्रिटनसाठी २३ वर्षं आणि पोर्तुगालसाठी २७ वर्षं, मिळून ५० वर्षं तेल देऊन हे जहाज २०२० मध्ये निवृत्त झालं.

एक गोष्ट या जहाजांच्या मदतीलाही आली. पूर्वी नौदलं काळं, घट्ट फर्नेस तेल वापरायची. ते पंपातून जायला टाकीत वाफेच्या नळ्यांनी तापवावं लागे. १९७० च्या दशकापासून स्वच्छ डिझेलकडं वळले. तापवणं कमी, गाळ कमी.

मग शेवटी ही जहाजं थांबतात कशानं? बऱ्याचदा लोखंडानं नाही, कायद्यानं. मार्च १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हॅल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर चढलं, पोट फाटलं आणि किनारेच्या किनारे काळे झाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम आला: जुलै १९९३ नंतर मागणी नोंदवलेल्या नव्या मोठ्या टँकरना दुहेरी कवच हवं. म्हणजे बाहेरचा पत्रा, मग मोकळी जागा, मग तेलाच्या टाकीचा पत्रा. बाहेरचा फाटला तरी तेल आतच राहतं. आणि त्या मोकळ्या जागेत खारं पाणी वेगळं भरता येतं, तेलाच्या टाकीत भरावं लागत नाही. नौदलाच्या जहाजांना हा नियम थेट लागू नाही, पण परक्या देशाच्या बंदरात एकेरी कवचाचा टँकर घेऊन जाणं अवघड होत गेलं. 'रोव्हर' जहाजं एकेरी कवचाची होती. न्यूझीलंडचं 'एंडेव्हर' १९८८ ते २०१७ चाललं, तेही एकेरीच. जुन्याला नवं पोट आतून शिवता येत नाही असं नाही, पण तेवढ्या खर्चात नवं जहाज दिसू लागतं. सुटे भागही मिळेनासे होतात. आमच्याकडं झिजलेला बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं कडं, घेऊन कुणी येतं आणि म्हणतं, ह्याच्यासारखा करून द्या, कंपनी बंद पडली. झिजलेल्या नमुन्यावरून मूळ माप काढणं म्हणजे अर्धा अंदाज, अर्धा अनुभव. जहाजावर असे शेकडो बुश.

भारतीय नौदलाचं आपल्याकडचं चित्र असं. पहिलं 'दीपक' जर्मनीतल्या ब्रेमर व्हल्कन गोदीत बांधलेलं, १९६७ ते १९९६. त्याच गोदीतलं पहिलं 'शक्ती' १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००७ पर्यंत. 'ज्योती' रशियात सेंट पीटर्सबर्गला बांधलेलं, मूळ रचना व्यापारी टँकरची, १९९६ च्या जुलैत नौदलात आलं, पूर्ण भरल्यावर सुमारे ३६ हजार टन. 'आदित्य' कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतलं, एप्रिल २००० मध्ये दाखल. आताचं 'दीपक' आणि 'शक्ती' ही दोन्ही इटलीच्या फिनकांतिएरीची, २०११ ची, दुहेरी कवचाची. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला अशा पाच नव्या जहाजांचं काम दिलं गेलं, प्रत्येक सुमारे ४४ हजार टनांचं, आणि ती भारतातच बांधली जाणार. हे काम कधीच व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. किनारा नव्या मोजणीनं सुमारे अकरा हजार किलोमीटरचा, कारवारच्या 'कदंब' तळावर विमानवाहू नौका, आणि तेल देणारी मोठी जहाजं फक्त चार.

म्हातारा टँकर किती कामाचा असतो हे २००६ मध्ये दिसलं. जुलैत लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपल्या चार नौका भूमध्य समुद्रातून परत येत होत्या. त्यांना वळवून 'ऑपरेशन सुकून' सुरू झालं. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' आणि जुनं 'शक्ती'. दोन हजारांहून जास्त लोकांना, भारतीयांबरोबर श्रीलंका आणि नेपाळच्या लोकांनाही, बैरूतहून सायप्रसला सुखरूप नेलं. त्यातली 'मुंबई' ही आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न नौका, त्यामुळं तिचं कौतुक इथं झालं आणि व्हायलाच हवं. पण घरापासून इतक्या दूर त्या ताफ्याला तेल पुरवणारं 'शक्ती' तेव्हा तीस वर्षांचं होतं, आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झालं.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेमध्ये पाणी गोड करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी थांबलं. तेव्हा नवं 'दीपक' १,००० टन पाणी घेऊन गेलं. म्हणजे १० लाख लिटर. आमच्या गल्लीत येणारा टँकर पाच हजार लिटरचा, असे २०० टँकर एका खेपेत. मामांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "पाण्याच्या टाक्या वेगळ्या होत्या न्हवं? आतनं रंग कुठला मारलेला?"

'कलूसाहॅची'चं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. १९९० नंतर ते व्हर्जिनियातल्या जेम्स नदीत, निवृत्त जहाजांच्या रांगेत उभं राहिलं. रंग नाही, जस्त नाही, चिपिंग हॅमर नाही. तेरा वर्षं. २००३ मध्ये ते आणि 'कॅनिस्टिओ' दोन्ही मोडीसाठी ओढत अटलांटिक पार करून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेले. तिथल्या लोकांनी विरोध केला, कारण जुन्या जहाजांत पाइपांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळलेला असतो, वायरींत आणि रंगांत विषारी रसायनं असतात. वर्तमानपत्रांनी त्यांना 'भुताची जहाजं' म्हटलं. कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि तोडायला सुरुवात व्हायला २००९ उजाडलं. आधी ॲस्बेस्टॉस काढायचा, मग टाक्या धुवायच्या, मग गॅस कटर.

मामांना मी या तोडणीचे फोटो मोबाइलवर दाखवले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, कापलेल्या पत्र्याची कड बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "जाडी अजून चांगली हाय की रे."